खर्जाची जुळणी : पोर्टयुक्त सबवूफर पेटीचा इतिहास आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

गोषवारा

घरगुती ध्वनिसंचातील सबवूफर म्हणजे एक लाकडी पेटी, तीत एक ध्वनिवर्धक आणि बाहेर उघडणारी एक नळी. या नळीची लांबी बदलून खर्ज अधिक खोल नेता येतो. ही क्रिया आज हौशी माणूसही संगणकाच्या साहाय्याने करतो. परंतु तिच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा वैज्ञानिक इतिहास आणि त्याहून जुनी वाद्यनिर्मितीची परंपरा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या इतिहासाचा मागोवा घेतला असून तो पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात तपासला आहे. ज्या अनुनादकाने सबवूफरचा आवाज वाढतो, त्याच अनुनादकाने मोटारगाडीचा आवाज कमी केला जातो. या दुहेरी उपयोगाचा परिसर म्हणून हा पट्टा अभ्यासनीय ठरतो. ध्वनिप्रदूषणविषयक कायद्याची मोजणी खोल खर्जाला कितपत पकडते आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्या नगरात ‘रात्र’ कोणती मानावी, हे प्रश्नही येथे उपस्थित केले आहेत.

बीजसंज्ञा : खर्ज, अनुनाद, बास-रिफ्लेक्स, पोर्ट, सबवूफर, ध्वनिप्रदूषण, औद्योगिक नगर

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे सहसा मोठ्या यंत्रांचा विचार होतो. रेल्वे, कापडगिरणी, धरण, मोटार कारखाना यांवर विपुल लेखन झाले आहे. घरात शिरलेल्या लहान यंत्रांचा इतिहास मात्र बराचसा अलिखित राहिला. रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, रंगीत दूरदर्शन संच आणि त्यानंतर ‘होम थिएटर’ या क्रमाने मध्यमवर्गीय मराठी घराचे श्रवणविश्व बदलत गेले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने आणि पुढे डीव्हीडीच्या प्रसाराने पाच लहान ध्वनिवर्धक व एक सबवूफर असा संच नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यात आला. पिंपरी-चिंचवडसारख्या कामगार व अभियंत्यांच्या नगरात अशा संचाला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविक होते.

या संचातील सबवूफर हा घटक इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. इतर ध्वनिवर्धक ऐकू येतात. सबवूफर ऐकू येण्याबरोबरच अंगाला जाणवतो. त्याची तरंगलांबी खोलीपेक्षा मोठी असते. २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटर भरते. त्यामुळे तो खोलीत मावत नाही आणि भिंतीपलीकडे जातो. म्हणजेच सबवूफर ही वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिचा परिणाम सार्वजनिक असतो. या विसंगतीतूनच प्रस्तुत निबंधाचा विषय उभा राहतो.

निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : पोर्टयुक्त पेटीच्या जुळणीचा वैज्ञानिक विकास कालक्रमाने मांडणे, या विकासाचे स्थानिक वाद्यपरंपरेशी व औद्योगिक परिसराशी असलेले नाते स्पष्ट करणे, आणि खोल खर्जाच्या सामाजिक परिणामांची चिकित्सा करणे.

२. पात्र, पोकळी आणि वारा : पूर्वपीठिका

पोकळ भांड्याच्या तोंडावर फुंकर घातली असता ठरावीक सूर निघतो, ही गोष्ट पाणवठ्यावर घागर भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घागर भरत जाते तसा तिचा सूर चढत जातो, कारण आतली हवेची पोकळी लहान होते. भौतिकशास्त्राच्या भाषेत, भांड्यातील हवा स्प्रिंगसारखी वागते आणि तोंडाशी असलेली हवा त्या स्प्रिंगवर झुलणाऱ्या वजनासारखी वागते. पोकळी मोठी असेल तर स्प्रिंग सैल होते. तोंडाची नळी लांब असेल तर वजन वाढते. दोहोंचा परिणाम एकच : सूर खाली उतरतो.

महाराष्ट्र व गोमंतकातील वादकांनी हे तत्त्व शास्त्रीय परिभाषेविना आत्मसात केले होते. गोव्यातील घुमट हे वाद्य याचे उत्तम उदाहरण आहे. मातीच्या या पात्राचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते, तर दुसरे उघडे असते. वादक एका हाताने कातड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने उघडे तोंड कमीअधिक झाकून नाद बदलतो. एका बाजूला थरथरणारा पडदा, मध्ये हवेची पोकळी आणि दुसऱ्या बाजूला आकार बदलता येणारे छिद्र अशी ही रचना आहे. पोर्टयुक्त सबवूफरची मांडणी तत्त्वतः हीच आहे. फरक इतकाच की, घुमटाची जुळणी वाजवता वाजवता होते आणि सबवूफरची पेटी बनवताना. पूर्वी घुमटासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली.

औद्योगिक पट्ट्याच्या अगदी निकटचे उदाहरण पखवाजाचे आहे. देहू आणि आळंदी ही वारकरी संप्रदायाची दोन पीठे आज पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी आहेत. तेथील भजनात साथीला असणाऱ्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादनापूर्वी कणीक लावतात. कणकेच्या वजनाने पुडीचा सूर उतरतो व खर्ज भरीव होतो. ध्वनिवर्धकाच्या शंकूचे वजन वाढवले असता त्याची नैसर्गिक वारंवारता खाली येते, हा आधुनिक अभियंत्याचा नियम आणि पखवाजियाची कणीक यांत तत्त्वतः भेद नाही. तबला, मृदंग यांसारख्या भारतीय तालवाद्यांतील अशा भारित पडद्यांचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये सहलेखकासह आणि १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. आपल्या वाद्यकारांचे ज्ञान आंतरराष्ट्रीय विज्ञानाच्या चर्चेत आणणारे हे महत्त्वाचे लेखन होय.

युरोपात पोकळीच्या अनुनादाला गणिती रूप देण्याचे श्रेय हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्याकडे जाते. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वरसंवेदनाविषयक ग्रंथात त्यांनी गोलाकार अनुनादकांच्या साहाय्याने संमिश्र स्वरातील घटक वेगळे करून दाखवले. पुढे लॉर्ड रॅले यांनी १८७७-७८ मधील ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथात नळीच्या टोकाशी हवेचा थोडा भाग बाहेरही झुलतो, म्हणून नळीची परिणामी लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा अधिक धरावी लागते, हे स्पष्ट केले. आजचा हौशी सुतार पोर्ट कापताना जी ‘टोकाची दुरुस्ती’ वजा करतो, तिचे मूळ येथे आहे.

३. पेटीला छिद्र : १९२५ ते १९६१

विद्युत-ध्वनिवर्धकाचे आजचे रूप १९२५ मध्ये सिद्ध झाले. त्या वर्षी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकक्षेत्रात हलणारे वेटोळे व त्याला जोडलेला कागदी शंकू अशी रचना वर्णिली. या रचनेतील मुख्य अडचण अशी की, शंकू पुढे जाताना समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही तरंग एकत्र आले की एकमेकांना खोडतात. ही खोड खर्जातच सर्वाधिक होते. म्हणून ध्वनिवर्धकाला पेटीत बसवणे अपरिहार्य ठरले. परंतु बंद पेटीत मागचा निम्मा ध्वनी वाया जातो.

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी यावर तोडगा काढला. १९३० मध्ये अर्ज केलेल्या आणि १९३२ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटात त्यांनी पेटीला नळी जोडून मागचा ध्वनी उलट्या कलेत बाहेर आणण्याची कल्पना मांडली. नळीतील हवा पेटीच्या पोकळीशी अनुनादित होते तेव्हा तिची कला फिरते. मागचा ध्वनी पुढच्याला खोडण्याऐवजी साथ देऊ लागतो. हीच बास-रिफ्लेक्स पद्धती होय. तिचा आणखी एक लाभ असा की, अनुनादाच्या वारंवारतेवर बहुतेक सारा ध्वनी नळीतून बाहेर पडतो आणि शंकूची हालचाल किमान होते.

कल्पना उत्तम होती, पण ती वापरण्याचे नियम नव्हते. पेटी किती मोठी, नळी किती लांब, कोणत्या ध्वनिवर्धकाला कोणती पेटी मानवते, याची उत्तरे कारागिराच्या कानावर सोपवलेली होती. परिणामी अनेक पेट्या एकाच सुरावर घुमत. त्यांचा खर्ज खोल नसून फुगलेला असे. या अनुभवामुळे बंद पेटीचे महत्त्व पुन्हा वाढले. १९५४ मध्ये एडगर विलचर यांनी घट्ट बंद लहान पेटीतील हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरणारी पद्धती बाजारात आणली. त्यानंतर केएलएच या कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम रूढ झाला : खोल खर्ज, लहान पेटी आणि अधिक कार्यक्षमता या तिहींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पोर्टयुक्त पेटीही या नियमाच्या बाहेर नाही.

४. सिडनीतील एक निबंध

या विषयाला निर्णायक वळण देणारे लेखन अमेरिकेत किंवा युरोपात झाले नाही. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये ‘छिद्रयुक्त पेट्यांतील ध्वनिवर्धक’ या आशयाचा निबंध ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. थिएल यांची मूळ सूझ साधी होती. ध्वनिवर्धक, पेटी आणि नळी यांचा एकत्रित व्यवहार हा विद्युत-गाळणीसारखा असतो. गाळणीचे शास्त्र तोपर्यंत पूर्ण विकसित झालेले होते. तेव्हा पेटीची रचना चाचपडत करण्याऐवजी हवा तो प्रतिसाद आधी निवडावा आणि त्यावरून पेटीची मापे काढावीत. त्यांनी अशा २८ जुळण्यांचे कोष्टक दिले.

हे लेखन दहा वर्षे प्रादेशिक वाचकांपुरतेच जवळजवळ मर्यादित राहिले. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने ते पुनर्मुद्रित केले आणि जगभरच्या अभियंत्यांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. दरम्यान सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी याच विषयावर पीएच.डी.चे संशोधन करून १९७२-७३ मध्ये बंद व पोर्टयुक्त पेट्यांवरील निबंधमाला प्रसिद्ध केली. ध्वनिवर्धकाची नैसर्गिक वारंवारता, त्याच्या निलंबनाच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे आकारमान आणि त्याचा एकूण गुणांक ही प्रमुख मापे आज ‘थिएल-स्मॉल मापे’ म्हणून प्रत्येक ध्वनिवर्धकाच्या माहितीपत्रकावर छापली जातात.

ज्ञानाच्या इतिहासात या घटनेला वेगळे मोल आहे. एखादा निबंध कोठे छापला गेला यावरून त्याची योग्यता ठरत नाही. मात्र तो वाचला कधी जाईल हे बरेचदा त्यावरूनच ठरते. केंद्रापासून दूर असलेल्या नियतकालिकातील लेखनाने एका उद्योगाचे गणित बदलले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५. एकच अनुनादक, दोन उपयोग : औद्योगिक पट्ट्याचा संदर्भ

पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून धरला जातो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहू लागले. वाहननिर्मिती हा या वाढीचा कणा ठरला. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अशी नागरी प्रशासनाची वाटचाल झाली. पुढे हा विस्तार उत्तरेकडे चाकणपर्यंत गेला : १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. याच काळात पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने वाहनांचा आवाज व कंपने यांच्या मोजणीचे कार्य विकसित केले. चाकण येथेही तिचे केंद्र आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. मोटारगाडीच्या इंजिनात हवा खेचली जाताना खालच्या वारंवारतेचा गुरगुराट निर्माण होतो. तो कमी करण्यासाठी हवेच्या मार्गाला बाजूने एक बंद डबा आखूड नळीने जोडतात. हा डबा म्हणजे हेल्महोल्ट्झचा अनुनादकच होय. तो ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो, त्या वारंवारतेची ध्वनिऊर्जा मार्गातून पुढे जाण्याऐवजी मागे परतवली जाते. धुराच्या मार्गावरील सायलेन्सरमध्येही अशा कप्प्यांचा उपयोग करतात. डब्याचे आकारमान, नळीचा छेद आणि नळीची लांबी ही तीन मापे दोन्हीकडे निर्णायक असतात, सूत्रही तेच. म्हणजे दिवसा कारखान्यात जो अभियंता गाडी शांत करण्यासाठी पोकळी जुळवतो, तोच संध्याकाळी घरी खर्ज वाढवण्यासाठी पोकळी जुळवू शकतो. एका ठिकाणी अनुनादक बाजूला जोडलेला असतो व ध्वनी अडवतो. दुसऱ्या ठिकाणी तो स्रोताच्या मागे असतो व ध्वनी बाहेर सोडतो.

ध्वनिसंच-उद्योगही या पट्ट्यात आला. हरमन इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये भारतातील आपला पहिला कारखाना चाकण येथे सुरू केला. वाहनांतील माहिती-मनोरंजन व ध्वनिसंच हे त्याचे क्षेत्र आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेली जेबीएल ही ध्वनिवर्धकांची नाममुद्रा याच समूहात आहे. २०१७ मध्ये सॅमसंगने हा समूह विकत घेतला. वर उल्लेखिलेल्या रिचर्ड स्मॉल यांनीही उत्तरायुष्यात हरमनच्या मोटार-ध्वनिसंच विभागात काम केले, ही बाब या संदर्भात उल्लेखनीय आहे. सिडनीत सुरू झालेली विचारधारा मोटारगाडीच्या निमित्ताने चाकणपर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

हौशी बांधणीसाठी लागणारी सामग्रीही या परिसराला परकी नाही. पिंपरीत वाढलेल्या फिनोलेक्स समूहाने विद्युत-तारा आणि पीव्हीसी नळ ही दोन्ही क्षेत्रे व्यापली. नळ बसवणाऱ्याच्या दुकानातील ११० मिलिमीटर बाह्यव्यासाचा पीव्हीसी नळ हा हौशी सबवूफरचा सर्वांत सोयीचा पोर्ट होय.

६. घरातील चित्रपटगृह आणि जुळणीचे गणित

१९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या अमेरिकी चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ या नावाने प्रचंड खर्ज-ध्वनिवर्धक प्रेक्षागृहात बसवण्यात आले. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल पद्धतीने पाच मुख्य ध्वनिमार्गांबरोबर केवळ खर्जासाठी १२० हर्ट्झपर्यंतचा एक वेगळा मार्ग दिला. ‘पॉइंट वन’ म्हणतात तो हाच. तो पुनरुत्पादित करण्यासाठी घरात स्वतंत्र पेटी आवश्यक झाली.

परंतु चित्रपटगृहाचा खर्ज दिवाणखान्यातील लहान पेटीतून काढणे सोपे नाही. समान ध्वनिदाबासाठी वारंवारता निम्मी केली तर शंकूची हालचाल चौपट करावी लागते. पोर्ट येथेच उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, ६० लिटर निव्वळ आकारमानाच्या पेटीला १० सेंटिमीटर आंतरव्यासाची नळी बसवून ती २५ हर्ट्झला जुळवायची असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून नळीची परिणामी लांबी सुमारे ६३ सेंटिमीटर येते. टोकाची दुरुस्ती सुमारे ७ सेंटिमीटर वजा केली की प्रत्यक्ष नळी ५६ सेंटिमीटर कापावी लागते. हीच पेटी २० हर्ट्झला उतरवायची तर नळी सुमारे ९१ सेंटिमीटर लागते. केवळ पाच हर्ट्झ खाली जाण्यासाठी नळी ३५ सेंटिमीटरने वाढते, कारण लांबी वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

येथून अडचणींची साखळी सुरू होते. ९१ सेंटिमीटर लांबीची नळी पेटीत सरळ मावत नाही; ती कोपराने वळवावी लागते. ती स्वतः सुमारे साडेआठ लिटरहून अधिक जागा व्यापते, म्हणून पेटी तितकी मोठी करावी लागते. अरुंद नळी घेतली तर लांबी कमी होते. साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी २५ हर्ट्झसाठी केवळ ३० सेंटिमीटर पुरते. पण अरुंद नळीतून हवा वेगाने वाहते आणि तिचा फुसफुसाट ऐकू येतो. टोके गोलाकार केल्यास हा दोष कमी होतो, पूर्णपणे जात नाही.

तयार पेटी खोल उतरवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे दोन समान पोर्टांपैकी एक बंद करणे. त्यामुळे नळीचा छेद निम्मा होतो आणि जुळणी मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येते. ३० हर्ट्झची पेटी २१ हर्ट्झच्या आसपास जाते. मात्र उरलेल्या नळीतून हवेचा वेग वाढतो आणि २५ ते ४० हर्ट्झच्या पट्ट्यातील जोर कमी होतो. खोल खर्ज मिळतो तो वरच्या खर्जाच्या मोबदल्यात. हॉफमनचा नियम येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

आणखी एक धोका असा की, जुळणीच्या वारंवारतेखाली नळी ही केवळ एक भोक उरते. पेटीतील हवा शंकूला आधार देत नाही, शंकू बेबंद हलतो आणि वेटोळे आदळून ध्वनिवर्धक निकामी होऊ शकतो. या मर्यादेखाली बंद पेटीचा ध्वनी दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, तर पोर्टयुक्त पेटीचा २४ डेसिबलने. म्हणून जुळणीच्या खालचे संकेत विद्युत-गाळणीने रोखणे आवश्यक असते. जुळणी बरोबर साधली की नाही, हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. संकेतजनकाने एकेक वारंवारता देत गेल्यास ज्या ठिकाणी शंकू जवळजवळ स्थिर होतो आणि नळीच्या तोंडाशी वारा सर्वाधिक जाणवतो, ती पेटीची जुळणी होय. विद्युत-संरोधाच्या आलेखात हेच स्थान दोन शिखरांमधील दरीच्या रूपाने दिसते.

स्थानिक हवामानाचाही यात अल्पसा वाटा आहे. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हिवाळी पहाटेचे १५ अंश आणि उन्हाळी दुपारचे ३८ अंश यांतील फरकाने २५ हर्ट्झची जुळणी सुमारे एक हर्ट्झने सरकते. खोलीचा वाटा मात्र मोठा असतो. १० फूट बाय १२ फूट खोलीचा सर्वांत खालचा अनुनाद ४७ हर्ट्झच्या सुमारास असतो. त्याखाली सिमेंट-काँक्रीटची बंदिस्त खोली स्वतःच खर्ज उचलून धरते. त्यामुळे माहितीपत्रकातील प्रतिसाद आणि घरात ऐकू येणारा प्रतिसाद यांत मोठी तफावत पडते.

७. खर्ज, भिंत आणि कायदा

पेटीची जुळणी पूर्ण झाली की तिचा सामाजिक इतिहास सुरू होतो. भिंतीची ध्वनिरोधकता वारंवारतेबरोबर बदलते. सैद्धांतिकदृष्ट्या ती दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने कमी होत जाते. ५०० हर्ट्झच्या संभाषणाला जी भिंत समाधानकारक अडवते, ती चार सप्तके खाली, ३१ हर्ट्झच्या सुमारास, तत्त्वतः २४ डेसिबलने दुबळी ठरते. शेजाऱ्याला चित्रपटातील संवाद ऐकू येत नाहीत, संगीतही येत नाही. फक्त धडधड येते. वरचे स्वर गाळले गेल्याने ही धडधड अधिकच उघडी पडते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल अशा मर्यादा आहेत. २०१० मधील दुरुस्तीनुसार खाजगी ध्वनिसंचाचा आवाज त्या जागेच्या सीमेवर विहित मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. ही सर्व मोजणी ‘ए-भारित’ डेसिबलमध्ये केली जाते. ए-भाराचे मूळ १९३० च्या दशकातील श्रवणविषयक प्रयोगांत आहे. मंद आवाजात मानवी कान खर्जाला फारसा संवेदनशील नसतो, म्हणून मापकही खर्जाला कमी गुण देतो. ३१.५ हर्ट्झवर ही वजावट सुमारे ३९ डेसिबल आहे. म्हणजे त्या वारंवारतेचा ९० डेसिबल ध्वनिदाब मापकावर ५१ डेसिबल दिसतो आणि दिवसाच्या निवासी मर्यादेत सहज बसतो. खिडकीची तावदाने आणि मांडणीवरची भांडी मात्र ए-भार ओळखत नाहीत. ती थरथरू शकतात. शिवाय खर्जाची पातळी थोडी वाढली तरी त्याची जाणीव वरच्या स्वरांच्या तुलनेत झपाट्याने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूत्रांत सी-भारित व ए-भारित मोजणीत १० डेसिबलहून अधिक अंतर असल्यास वारंवारतानिहाय विश्लेषण करावे, असे सुचवले आहे. वरील उदाहरणात हे अंतर ३६ डेसिबल भरते.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. नियमांतील रात्र १० ते सकाळी ६ अशी आहे. ही व्याख्या रात्री झोपणाऱ्या समाजाला अनुरूप आहे. पिंपरी, भोसरी व चाकण येथील कामगार वस्तीत मात्र तिसरी पाळी संपवून सकाळी घरी परतलेला माणूस दिवसा झोपतो. त्याच्या झोपेच्या वेळी कायद्याचा दिवस असतो आणि मर्यादा १० डेसिबलने सैल असते. ज्या नगराने तीन पाळ्यांवर आपली समृद्धी उभारली, त्या नगरात झोपेचे संरक्षण एकाच पाळीला मिळते. या विसंगतीची दखल नगरनियोजनात घेतली जाणे अगत्याचे वाटते.

सार्वजनिक उत्सवांतील ध्वनिभिंतींचा प्रश्न याच इतिहासाचा विस्तार आहे. त्या भिंतींतील अनेक खर्ज-पेट्या थुरासच्याच तत्त्वावर चालतात. २०१८ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी डीजे वापरण्यास मुभा देण्याची ध्वनि-व्यावसायिकांची अंतरिम मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. भाषेच्या दृष्टीने येथे एक गंमत घडली आहे. पश्चिम महाराष्ट्रात या ध्वनिभिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात आणि त्यांना विरोध करणारे ‘डॉल्बीमुक्त’ उत्सवाची हाक देतात. वास्तविक रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे पहिले कार्य ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणे हे होते. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव मराठीत गोंगाटाला मिळाले.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, पोर्टयुक्त पेटीची जुळणी हा केवळ विसाव्या शतकातील शोध नाही. घुमट व पखवाज यांसारख्या वाद्यांत पोकळी, छिद्र आणि भार यांच्या साहाय्याने खर्ज साधण्याचे ज्ञान होते. थुरास, थिएल व स्मॉल यांनी त्या तत्त्वांना मापनक्षम आणि पुनरावर्तनीय रूप दिले.

दुसरा, खोल खर्ज फुकट मिळत नाही. नळीची लांबी, पेटीचे आकारमान, हवेचा वेग आणि ध्वनिवर्धकाची सुरक्षितता यांपैकी कशाची तरी किंमत द्यावी लागते. दोन पोर्टांपैकी एकात बोळा कोंबण्यापूर्वी ही किंमत समजून घेणे इष्ट आहे.

तिसरा, पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा या तंत्राचा केवळ ग्राहक नाही. आवाज कमी करण्याचे व आवाज वाढवण्याचे शास्त्र येथे शेजारी शेजारी नांदते. अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांनी सायलेन्सर, सबवूफर आणि घुमट यांचा एकत्रित प्रयोग अभ्यासक्रमात आणल्यास अनुनाद हा पाठ्यपुस्तकातील प्रकरणापुरता विषय राहणार नाही.

चौथा, प्रचलित ए-भारित मोजणी खोल खर्जाचा उपद्रव अपुरा नोंदवते आणि दिवस-रात्रीची कायदेशीर व्याख्या पाळीत काम करणाऱ्यांना संरक्षण देत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून निवासी संकुलांत ए व सी अशा दोन्ही भारांनी मोजणी करून घेणे हे अल्पखर्चात होण्याजोगे काम आहे. तशी नोंद उपलब्ध झाल्यास रात्रपाळी करून सकाळी आडवा झालेल्या कामगाराची तक्रार केवळ तक्रार न राहता पुरावा होईल.